वही, घंटी आणि इतिहास

सुरत म्हटली की मराठी वाचकाच्या मनात इसवी सनाची दोन वर्षे तत्काळ उभी राहतात : १६६४ आणि १६७०. शिवछत्रपतींच्या त्या दोन स्वाऱ्यांपलीकडे या शहराशी आपला काही ऋणानुबंध आहे, हे आपल्याला शाळेत कोणी फारसे सांगितले नाही. वस्तुतः आपल्या आया-आज्यांच्या शालू-पैठण्यांच्या पदरात जी जर चमकत आली ती पुष्कळ अंशी सुरतेची. आणि ताप्तीकाठच्या रेल्वेने खानदेशातून मागांवर कामास गेलेली हजारो मराठी कुटुंबे आज त्याच शहराच्या दक्षिणेकडील वस्त्यांत नांदत आहेत. तथापि आजचा विषय तो नव्हे. आजचा विषय शहराच्या उत्तरेकडील कतारगाम, तेथील हिऱ्यांचा धंदा, आणि अशा धंद्यांचा इतिहास आपण कसा लिहितो व कसा वाचतो, हा आहे.

गेल्या हिवाळ्यात एका लवादाच्या कामासाठी कतारगामात चार दिवस राहण्याचा योग आला. दोन भावांची भागीदारी मोडली होती आणि वाटणी व्हावयाची होती. अधिक सांगणे व्यवसायधर्मास धरून होणार नाही. कामकाज दुपारी संपे. संध्याकाळी पायी फिरावे, असा माझा जुना परिपाठ. जुन्या तटाला कतारगाम दरवाजा होता. तट गेला, दरवाजाचे नाव तेवढे उरले. त्या बाजूस इंग्रजांची व डचांची जुनी दफनभूमी आहे. मोठमोठे घुमट, कमानी, मशिदींशी स्पर्धा करणारी थडगी. त्यांपैकी एकापाशी मी थबकलो. ते हेंड्रिक व्हान रेडे याचे. कोचीच्या डच वखारीचा हा गव्हर्नर १६९१ साली वारला. त्याच्या पुढाकाराने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ ॲमस्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात छापून निघाला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांचे साक्षपत्र आहे : भाषा कोकणी, लिपी नागरी. आपल्या नियतकालिकाच्या वाचकांस त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. कोकणीचा अभिमान सांगणारा प्रत्येक वक्ता त्याचा उल्लेख करतो, आणि ते योग्यच आहे.

पण त्याच ग्रंथात इट्टी अच्युतन या ईळव वैद्याचेही साक्षपत्र आहे. वनस्पतींची नावे आणि गुण सांगण्यात त्याचा वाटा केवढा मोठा होता, हे के. एस. मणिलाल यांनी आयुष्य वेचून त्या ग्रंथाचे भाषांतर केले तेव्हा कोठे लोकांच्या नीट ध्यानात आले. आणि झाडांवर चढून फुले, फळे, मुळ्या काढून आणणारी जी असंख्य माणसे होती, त्यांची नावे कोणत्याच खंडात नाहीत. तेथे उभा असताना मला प्रश्न पडला की, आपण त्या तीन नावांचा अभिमान बाळगतो तो विद्येबद्दल, की केवळ छापले गेल्याबद्दल? चार दिवस तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण ज्या वस्तीत मी राहत होतो तेथेही हेच घडत आलेले आहे.

कतारगाम हे मुळात तटाबाहेरचे गाव. सुरतकरांस ते आजही पापडीसाठी ठाऊक आहे. उंधियूत कतारगामची पापडी नसेल तर खरा सुरती माणूस नाक मुरडतो. त्या पापडीच्या मळ्यांवर आता चार-चार मजली इमारती उभ्या आहेत आणि त्यांतून सकाळपासून एक बारीक घरघर ऐकू येते. ती घंटीची. घंटी म्हणजे हिऱ्यास पैलू पाडण्याचे फिरते चाक. त्याभोवती तीन-चार माणसे डोळ्याला भिंग लावून बसलेली असतात. एकच माणूस सबंध हिरा घडवतो असे नाही. कोणी घाट करतो, कोणी तळिये, कोणी मथाळे, कोणी टेबल. आणि मजुरी बहुधा नगावर. एक एक खडा इतका लहान की बाजरीचा दाणा त्यापुढे मोठा वाटावा. मोठे मौल्यवान हिरे पूर्वापार अँटवर्प, तेल अविव्ह व न्यूयॉर्क येथे घडत. ज्या लहान, मळकट, तपकिरी खड्यांकडे तेथील कारागीर मजुरीच्या दरामुळे ढुंकूनही पाहत नसे, त्यांना सुरतेने विक्रीयोग्य केले. ऑस्ट्रेलियातील अर्गाइलची खाण १९८०नंतरच्या दशकात सुरू झाली आणि २०२० साली बंद पडली. तिच्यातून निघणाऱ्या असल्या मालाचा मोठा भाग याच हातांखालून गेला. आज जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत घडतात, असे सांगतात.

या धंद्याचे कर्ते म्हणून दोन समाजांची नावे घेतली जातात. एक, बनासकांठ्यातील पालनपूरचे जैन. यांनी मुंबईत व पुढे अँटवर्पमध्ये बस्तान बसविले, कच्चा माल मिळविला आणि पक्का माल खपविला. दुसरे, सौराष्ट्रातील, म्हणजे अमरेली-भावनगराकडील पटेल. हे आधी घंटीवर बसले, नंतर घंट्यांचे मालक झाले, आणि आता कित्येक पेढ्यांचे धनी आहेत. कतारगाम व वराछा ही त्यांची वस्ती. या मंडळींच्या यशाच्या कथा गुजराती स्मरणिकांतून, समाजाच्या मुखपत्रांतून, सत्कारसमारंभांच्या पुस्तिकांतून विपुल आढळतात. त्या मुक्कामात अशा बऱ्याच मी चाळल्या. त्यांचा साचा एकच : मुलगा गरीब, गाव दुष्काळी, खिशात भाड्यापुरते पैसे, मग साहस, सचोटी, काटकसर, देवाची कृपा, आणि शेवटी कारखाना, शाळा, इस्पितळ, समूहविवाह. कोणी म्हणेल, यात वाईट काय? वाईट काहीच नाही. दान झालेले आहे, शाळा उभ्या आहेत. माझी तक्रार एवढीच की, याला इतिहास म्हणू नये.

ज्यांना इतिहास म्हणता येईल अशी काही पुस्तके सुरतेवर निश्चितपणे झालेली आहेत, आणि ती या स्मरणिकांशेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत. बाळकृष्ण गोविंद गोखले यांचा सतराव्या शतकातील सुरतेवरील इंग्रजी ग्रंथ १९७९ साली आला. मराठी माणसाने सुरतेकडे लुटीच्या पलीकडे जाऊन पाहिले, याचाच प्रथम आनंद वाटतो. वीरजी व्होरासारखा श्रेष्ठी त्यात मोठ्या ठसठशीतपणे उभा राहतो. पण वखारींच्या पत्रव्यवहारावर जो ग्रंथ उभा आहे त्यात कारागीर येतो तो बहुधा कापडाच्या ठाणांच्या संख्येतून, हा दोष ग्रंथकाराचा म्हणण्यापेक्षा साधनांचा होय. त्याच वर्षी अशीन दासगुप्त यांचा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील सुरतेच्या ऱ्हासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो मला अधिक खोल वाटतो. डच दप्तरे पिंजून काढून त्यांनी मुल्ला अब्दुल गफूर याचे आणि त्याच्या वारसांचे जे चित्र रेखाटले आहे ते एखाद्या कादंबरीइतके सजीव आहे. जहाजांचे ताफे बाळगणारा हा व्यापारी १७१८ साली वारला आणि घर उतरणीस लागले. दासगुप्त यांचा मुद्दा असा की, सुरतेचे व्यापारी आळशी किंवा अधर्मी झाले म्हणून बुडाले नाहीत. मोगल, इराणी सफवी आणि तुर्की या तीन पातशाह्या एकाच सुमारास खिळखिळ्या झाल्या, रस्ते असुरक्षित झाले, बाजार आटले, आणि त्यांचा गुण-अवगुण काहीही असो, ते बुडाले.

या विचाराची दुसरी बाजू स्मरणिकाकारांनी लक्षात घ्यावयास हवी. ऱ्हास जर केवळ दुर्गुणांचे फळ नसेल, तर उत्कर्ष हेही केवळ सद्गुणांचे फळ असू शकत नाही. सौराष्ट्रातील पटेल कष्टाळू आहेत यात शंका नाही. पण ते १९४० सालीही तितकेच कष्टाळू होते. मध्यंतरी काय घडले? १९५१च्या सौराष्ट्र जमीनसुधारणा कायद्याने गिरासदारांची कुळे जमिनीची मालक झाली, आणि त्यांत पटेल पुष्कळ होते. भुईमुगाने हाती रोकड आली. मग वाटण्यांनी शेते लहान होत गेली, दुष्काळ पडत राहिले, १९८५नंतरचा तर लागोपाठ तीन वर्षे टिकला. इकडे १९६०नंतरच्या दशकात सरकारने निर्यातीच्या प्रमाणात कच्चे हिरे आयात करण्यास परवाना देण्याचे धोरण ठेवले, १९६६ साली रत्ने व आभूषणे यांची निर्यात परिषद स्थापन झाली. म्हणजे ज्याच्यापाशी थोडी जमीन, थोडी रोकड आणि गावाकडून येण्यास तयार असलेले भाचे-पुतणे होते, त्याच्यासाठी दार उघडे झाले. ज्या शेतमजुराला १९५१ साली जमीन मिळालीच नव्हती, तो त्याच गावचा, तेवढाच कष्टाळू. त्याचा कारखाना का झाला नाही, हे कोणत्याही स्मरणिकेत सापडणार नाही.

डग्लस हेन्स या अमेरिकन इतिहासकाराचा १८७० ते १९६० या काळातील पश्चिम हिंदुस्थानच्या लहान धंद्यांवरील ग्रंथ २०१२ साली निघाला. सुरतेची जर, भिवंडी-मालेगाव-सोलापूरचे माग, असा त्याचा पसारा असल्यामुळे आपल्याकडील वाचकास तो घरचाच वाटावा. हातकारागिरी इंग्रजी राज्यात नामशेष झाली, हे ठराविक पालुपद त्याने स्वीकारले नाही. कारागीरच छोटे भांडवलदार कसे झाले, त्यांनी नवी यंत्रे कशी आणली आणि आपल्याच जातभाईंना मजूर कसे केले, ते त्याने दाखविले आहे. मला या ग्रंथाचे सर्वांत मोठे श्रेय हेच वाटते की, मालक आणि मजूर यांना तो एका चौकटीत ठेवतो. भाषा मात्र रुक्ष. चारशे पानांत एखादे माणूस बोलताना ऐकू येईल तर शपथ.

ते बोलणे ऐकू येते मिरांडा एंगेल्सहोव्हेन या डच विदुषीच्या निबंधात. ‘हिरे आणि पटेल’ अशा अर्थाच्या मथळ्याचा हा निबंध १९९९ साली एका समाजशास्त्रीय नियतकालिकात आला. आकाराने लहान, पण कतारगामच्या घंटीजवळ बसून लिहिलेला. मालक आणि कामगार एकाच जातीचे, कित्येकदा एकाच गावचे. मालक हा ‘शेठ’ असण्याआधी ‘काका’ किंवा ‘मामा’. आणि म्हणून संघटना उभी राहणे अवघड, हे तिने नेमके हेरले आहे. नात्याने कामगारास कर्ज मिळते, लग्नाला मदत मिळते. त्याच नात्याने त्याचे तोंडही बंद होते. मजुरीचा दर कमी झाला तर मामाविरुद्ध तक्रार कोणत्या कचेरीत करावी? माझा आक्षेप एवढाच की, जातीच्या बाहेरून आलेल्या माणसांकडे तिचे लक्ष कमी गेले. आणि त्याच गल्ल्यांत साड्यांवर टिकल्या चिकटविणाऱ्या, घरबसल्या राबणाऱ्या बायका तर हिऱ्यांच्या झगमगाटात कोणासच दिसत नाहीत.

येथे एका शब्दाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. जुन्या पिढीत घंटीवरच्या माणसाला ‘हीराघसू’ म्हणत. हिरे घासणारा, एवढाच अर्थ, पण उच्चारात तुच्छता. आता सर्वत्र ‘रत्नकलाकार’ हा शब्द रूढ आहे. सभांतून, वर्तमानपत्रांतून, सरकारी कागदांतून हाच. शब्द सुंदर आहे, यात वाद नाही, आणि ज्याला तो लावतात त्याला तो आवडतो हेही मी स्वतः ऐकले. परंतु वकिलाच्या मनात लगेच शंका येते. कायद्याच्या दृष्टीने ‘कामगार’ या शब्दाला काही हक्क चिकटलेले असतात : हजेरी, भरपगारी रजा, भविष्यनिर्वाह निधी, नुकसानभरपाई. ‘कलाकार’ या शब्दाला काहीच चिकटलेले नाही. १९४८च्या कारखाने कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेस दहा माणसांची मर्यादा घातली होती. त्या मर्यादेखाली राहण्यासाठी एकाच मजल्यावर निरनिराळ्या नावांच्या पाट्या लावण्याची युक्ती सर्वच लहान धंद्यांत चालत आली. नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या, त्यांत ती मर्यादा वीस झाली. तेव्हा पाट्यांचीही गरज पुष्कळ ठिकाणी उरणार नाही.

संकट येते तेव्हा हा शब्दांचा हिशेब चुकता होतो. सप्टेंबर १९९४मध्ये प्लेगची वार्ता पसरली ती कतारगामला लागून असलेल्या वेड रोडच्या बाजूने. दोन-चार दिवसांत लाखो माणसे शहर सोडून पळाली. २००८च्या जागतिक मंदीत दिवाळीच्या सुटीनंतर कित्येक कारखाने उघडलेच नाहीत. पुढे रशियन हिऱ्यांवर निर्बंध आले, प्रयोगशाळेत बनविलेल्या हिऱ्यांचे भाव कोसळले, ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने हिंदी मालावर पन्नास टक्के जकात बसविली. याच काळात, १७ डिसेंबर २०२३ रोजी, खजोद येथे हिरेबाजाराच्या प्रचंड वास्तूचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. ती वास्तू मी पाहिली, भव्य आहे. प्रत्येक मंदीत ‘रत्नकलाकार’ सौराष्ट्राकडे जाणाऱ्या बसमध्ये बसतो आणि त्याच्या हाती आपण किती वर्षे काम केले हे सिद्ध करणारा एक चिटोराही बहुधा नसतो.

हा चिटोऱ्याचा मुद्दा मला मोलाचा वाटतो, कारण या धंद्याचा सारा कणाच तोंडी विश्वासाचा आहे. हिरे कागदाच्या पुडीत, म्हणजे पडीक्यात, बांधून हातोहात फिरतात. आंगडिया ते मुंबईस नेतो. माल ‘जांगड’ दिला जातो. हा शब्द मराठीतही जुना आहे : पसंत पडल्यास ठेवावा, नाही तर परत करावा, या बोलीवर दिलेला माल. आमच्या कायद्यात त्याला १९३०च्या मालविक्री कायद्याचे चोविसावे कलम लागू पडते. पसंती कळविली, अथवा मुदतीत परत न करता माल ठेवून घेतला, की मालकी बदलते, तोवर नाही. लक्षावधींचा माल अशा बोलीवर फिरतो आणि बुडतो क्वचित, कारण बुडविणाऱ्यास पुन्हा बाजारात पाऊल टाकता येत नाही. स्मरणिका याला ‘सचोटी’ म्हणतात. सचोटी आहेच, पण तिच्यामागे पहारा आहे, नात्यागोत्याचा आणि सोयरिकींचा. आणि जो त्या नात्यागोत्याबाहेरचा, त्याला जांगड माल कोण देणार? विश्वासाचे कुंपण आतल्यांचे रक्षण करते तेवढेच बाहेरच्यांना अडवते. माझ्यासमोरच्या दोन भावांचे भांडण याच कुंपणाच्या आतले असल्यामुळे अधिकच कडू होते. दोघांच्या वह्या होत्या, दोन्ही नीटनेटक्या, आणि त्यांत एकमेकांशी जुळणारी एकही बाकी नव्हती.

वहीच्या पुराव्याविषयी १८७२च्या पुरावा कायद्याच्या चौतिसाव्या कलमात एक शहाणपणाचा नियम होता, आणि तो २०२३च्या नव्या अधिनियमातही कायम आहे. नेहमीच्या व्यवहारात नियमितपणे लिहिलेल्या वहीतील नोंद पुरावा म्हणून वाचता येते. परंतु केवळ तेवढ्या नोंदीवरून कोणाच्या माथी देणे बसविता येत नाही. समाजांच्या आर्थिक इतिहासाला हाच नियम उलट बाजूनेही लावावा असे मला वाटते. केवळ वहीवरून कोणाच्या नावावर श्रेयही जमा करू नये.

हे सारे दूरच्या सुरतेविषयी आहे असे कोणी समजू नये. आपल्या देवस्थानांच्या शताब्द्या, जीर्णोद्धार, कलशारोहणे यांच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकांत ‘आपल्या ज्ञातीचा व्यापार-उदीम’ असा एक लेख असतोच. त्यात पणजीच्या म्हामाय कामत घराण्याचे नाव अभिमानाने येते. त्या घराण्याची कागदपत्रे पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात आहेत. तेओतोनियो द सौझा यांनी त्यांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. किती भाषा, किती बंदरे, केवढा आवाका! पण त्याच कागदांवरून त्यांनी गोव्यातील फ्रेंच गुलामव्यापाराचा इतिहासही लिहिला, आणि मकावकडे जाणाऱ्या अफूचे व्यवहारही त्याच दप्तरात आहेत. आपल्या स्मरणिकांत बंदरे येतात, अफू व गुलाम येत नाहीत. तीच गोष्ट देवळांची. गोव्यात महाजनकीचे नियमन पोर्तुगीज सरकारने १८८६ साली केले. देवस्थानांच्या हिशेबांत महाजनांची नावे येतात, तसेच वाजंत्री, माळी, देवळी, भाविणी, कलावंतिणी यांचे पोटगीचे दाणे आणि नारळही येतात. देवळाचे सारे अर्थशास्त्र या दुसऱ्या रकान्यात आहे. त्या रकान्यातील माणसांनी आपली कहाणी स्वतः सांगेपर्यंत, राजाराम रंगाजी पैंगीणकर यांच्या ‘मी कोण?’ या आत्मचरित्रासारखी पुस्तके येईपर्यंत, आपण ती विचारली नव्हती.

हे लिहिण्यास एक घरगुती कारणही आहे. आमच्या ग्रामदेवतेच्या स्मरणिकेसाठी व्यापाराचे प्रकरण मी लिहावे, अशी समितीची आज्ञा झाली आहे. त्यासाठी आजोबांच्या किराणा दुकानाच्या वह्या माळ्यावरून काढल्या. कीर्द, खतावणी, सुंदर मोडी अक्षर, पहिल्या पानावर श्री आणि कुंकवाचे बोट. आजोबांची काटकसर, वक्तशीरपणा, उधारी वसूल करण्याची शिताफी या सर्वांविषयी दोन पाने सहज लिहून झाली, आणि ती वाचताना कतारगामच्या त्या पुस्तिकांचीच भाषा माझ्या लेखणीतून उतरलेली पाहून मी ओशाळलो. मग पुन्हा वही उघडली. बंदरावरून माल डोक्यावर वाहून आणणारा, दुकान झाडणारा, तागडी धरणारा एक माणूस आमच्याकडे तीस वर्षे होता. वहीत तो दर महिन्याला आहे : ‘गडी १’, आणि पुढे रक्कम. तीस वर्षांत एकदाही नाव नाही. माझ्या आईला त्याचा आवाज आठवतो, तंबाखूची सवय आठवते, नाव आठवत नाही. सर्वजण त्याला ‘गड्या’ म्हणूनच हाक मारीत. त्याचे नातवंड गावात आहे, देवळाच्या खालच्या वाटेवर त्याचे घर आहे. समितीस मी प्रकरण शिमग्यानंतर देईन असे कळविले आहे. शिमग्यास गावी गेलो की प्रथम त्या घरी जाऊन नाव विचारावयाचे आहे.